शेतीशाळा: बांधावरचा वर्ग

पोखर्णीच्या कपाशीत खुरपणी आपली, वेचणीही आपली. मग फवारणी ठरवताना आपण गप्प का?

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे पडले. औषध मारून मारून मित्रकिडीच मेल्या, तुडतुडे वाढले. १९८६ साली तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ औषधांवर बंदी घातली. १९८९ पासून शेतीशाळा भरू लागल्या. गटागटानं झाडं तपासायची, दिसलेल्या किडींचं चित्र काढून सगळ्यांपुढं मांडायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, राहिलेलं सांगायचं, मग मिळून ठरवायचं. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून अशा शेतीशाळा मराठवाड्यातही भरल्या.

फवारणीचा पैसा आपल्याच घरातून जातो. म्हणून आम्ही गटात म्हणतो, पानामागचा मावा आणि त्याला खाणारा ढालकिडा जिनं पाहिला, तिनं आधी बोलावं.