रूट डिस्क भरली, आणि ‘यूएसआर’ जन्मला

१/ खानदेश हा एकेकाळी एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळे. १९०६ मध्ये त्या विस्तीर्ण मुलखाची वाटणी झाली. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव झाले, पश्चिमेचे धुळेच राहिले. आज सरकारी नकाशावर खानदेश नावाचा जिल्हा नाही. लोकांच्या तोंडी मात्र तो आहे. संगणकाच्या इतिहासातही अशीच एक वाटणी झाली आणि तिथेही नाव मागे उरले. जळगाव-धुळ्यातील कुठलेही लिनक्स यंत्र उघडा, ‘यूएसआर’ नावाची डिरेक्टरी दिसेल.

२/ स्थळ अमेरिकेतील मरे हिल, बेल लॅब्ज. १९७० च्या उन्हाळ्याअखेरीस केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या गटाला पीडीपी-११ यंत्र मिळाले; डिस्क मात्र आली डिसेंबरात. (मधले तीन महिने ते यंत्र ६ × ८ घरांच्या पटावरील बुद्धिबळाच्या घोड्याच्या फेऱ्या मोजत बसले होते!) डिस्कची क्षमता ५१२ किलोबाइट. मोबाइलने टिपलेले एक छायाचित्रही आज तीत मावणार नाही.

३/ एवढ्याशा जागेत युनिक्सचा ‘रूट’ नांदत होता. वापरकर्त्यांच्या फायलींसाठी दुसरी डिस्क जोडली गेली, तिचे नाव ‘यूएसआर’, म्हणजे ‘यूजर’चे आखूड रूप. पुढे रूटवर प्रोग्रॅमही मावेनात, तेव्हा वरकड प्रोग्रॅम याच डिस्कवर दुसऱ्या ‘बिन’मध्ये गेले. जागा झाली ती पुसून नव्हे, बिऱ्हाड हलवून. एक पथ्य मात्र आले: दुसरी डिस्क जोडणारी ‘माउंट’ ही आज्ञा पहिलीवरच हवी. किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप कोण लावील?

४/ डिस्क मोठ्या झाल्या, वापरकर्ते ‘होम’मध्ये राहायला गेले, तरी दोन ‘बिन’ तशीच राहिली. फेडोरा १७ ने २०१२ मध्ये ती एकत्र केली; डेबियनमध्ये हे एकत्रीकरण २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत अनिवार्य झाले.

५/ हा इतिहास ठाऊक नसेल तर नुकसान खरेखुरे होते. रूट भरला, यंत्र अडू लागले आणि ‘यूएसआर’ म्हणजे वापरकर्त्यांचा पसारा समजून कोणी ती डिरेक्टरी पुसली, तर जवळजवळ सगळी प्रणालीच पुसली जाते! आधी ‘डीएफ’ने कोणता भाग भरला ते पाहावे, मग ‘डीयू’ने कोणती डिरेक्टरी फुगली ते. बहुधा ‘व्हार’मधील लॉग, पॅकेजांचा साठलेला कॅश किंवा जुने कर्नल सापडतात.

६/ कधी भलीमोठी लॉग फाइल पुसूनही जागा सुटत नाही. युनिक्समध्ये फाइलचे नाव वेगळे आणि ऐवज वेगळा. एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती उघडी धरलेली असेल, तर पुसले जाते ते केवळ नाव. खानदेशाच्या अगदी उलट! तो प्रोग्रॅम थांबवला की ऐवजही जातो आणि जागा मोकळी होते.