आढ्याचा कामठा

कामठा जुना झाला म्हणजे तो कुणी वापरला नाही, असं बा म्हणतो. ओढून ओढून बांबू थकतो, एक दिवस कडकन मोडतो, मग नवा करायचा. आज्याचा कामठा मात्र आमच्या धडगावकडच्या घरात आढ्याला अजून शाबूत होता. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार गुन्हा ठरली, आणि तीरकामठा खांद्याला लावून रानात फिरायचं तर पुढे उभ्या राहणाऱ्या गार्डासाठी कोंबडी तयार ठेवावी लागायची. होळीला तेवढा तो खाली यायचा.

तो खाली आला की आज्याची गोष्ट सुरू. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात, मुंबई-आग्रा रस्त्यावर, सरकारचाच पहारेकरी. १८५७ साली तोच सरकारवर उलटला. इंग्रज अधिकारी औट्रमने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती, त्यामुळे आज्याच्या गोष्टीत बंदुकीच्या बाजूलाही भिल्लच असत. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली, माणसं पडली, बाया धरून नेल्या. त्यात नाईकाचा मुलगाही गेला. इथे आजा थांबायचा आणि आम्हा पोरांनाच विचारायचा, मग नाईकाचा कामठा कुणाकडे गेला? उत्तर दरवर्षी वेगळं. पुस्तकांतून मी ही लढाई नंतर वाचली, तिथे हा प्रश्न कुणाला पडलेला दिसला नाही.

माझी लेक शाळेतून तिरंदाजी खेळते, इंडियन राउंड. त्यातही धनुष्य बांबूचंच, पण दुकानातलं, अंतर तीस आणि पन्नास मीटर. उदयपूरकडचा लिंबाराम असाच बांबूवर शिकला आणि १९८८ पासून तीन ऑलिंपिक खेळला, हे तिच्या सरांचं आवडतं उदाहरण. सरांनी दोरी तीन बोटांनी ओढायला शिकवलं, अंगठा दुमडून. बाला हे ऐकून फार आनंद झाला. एकलव्याने दिलेला अंगठा आपण दोरीला लावत नाही, हे त्याला आज्याने सांगितलं होतं. जगातले बहुतेक ऑलिंपिक तिरंदाज अंगठा लावत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

यंदा बाने कामठा तिच्या हाती दिला. दोरी केव्हाच गेलेली. ही दोरी सुताची नसते. हिरव्या बांबूची बाहेरची साल कोयत्याने तासत तासत लवचिक पट्टी काढायची आणि टोकांना तातीने आवळायची. मुठीपाशी बांबू जाड, टोकांकडे निमुळता. मधल्या पेरावर आज्याच्या तळहाताने घासून आलेली काळसर झिलई. लेकीने लगेच गुडघा लावून वाकवायला घेतला.

"ओढलास तर तुकडे होतील," बा ओरडला.

"मग मला देतोस कशाला?"

"मापाला. कुठे किती तासायचा ते यात दिसतं."

नवा बांबू दिवाळीनंतर कापायचा ठरलंय. पावसाळ्यातल्याला कीड लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात आला, आमच्या गावाचा दावाही मंजूर झालाय, तेव्हा कोंबडी वाचली. लेकीने मोबाइल काढून कामठ्याचे चारी बाजूंनी फोटो घेतले. बाने ते पाहिले, जाडी यात कळत नाही म्हणाला, आणि तिला सुतळी आणायला पाठवलं.