देवनारचा उकिरडा आणि एका पदवीचा इतिहास

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटते, असे आपल्याकडे म्हणतात. देवनारच्या उकिरड्याला मात्र शंभरीच्या उंबरठ्यावरही ते भाग्य लाभलेले नाही. ठाणे खाडीच्या काठी सुमारे १३२ हेक्टरांवर पसरलेली ही कचराभूमी १९२७ पासून चालू असल्याचे मानले जाते. तिचे काय करायचे हा प्रश्न निघाला की राजकारण, कंत्राटे आणि न्यायालये यांची चर्चा होते. हे काम करण्याचे शिक्षण कोणाला, कधीपासून आणि कोणत्या अटींवर मिळू लागले, हा साधा प्रश्न मागे राहतो. आज त्या शिक्षणाला पर्यावरण अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी म्हणतात. तिच्या प्रवेशाच्या अटींना स्वतःचा इतिहास आहे आणि त्याची बरीच पाने मुंबईत लिहिली गेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात अभियंता म्हणजे रस्ते, पूल आणि धरणे बांधणारा माणूस. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले ते सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करायला. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळाले आणि शहरात आलेले पाणी बाहेर काढण्याचा, म्हणजे गटारांचा, प्रश्न उभा राहिला. पाणी आणणे आणि सांडपाणी नेणे ही दोन कामे अभियंत्याची ठरली. कचरा त्यात नव्हता. तो झाडणे, उचलणे, गाडीत भरणे हे आरोग्य खात्याचे आणि प्रत्यक्षात जातीने त्या कामाला जुंपलेल्या माणसांचे काम होते. या वाटणीची छाया पुढे अभ्यासक्रमांवरही पडली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि शहराची झोप उडाली. रोग दुर्गंधीतून आणि घाणीतून उपजतो या समजुतीवर गटारे धुण्यात आली, कार्बोलिक आम्ल ओतण्यात आले, घरे उघडी पाडण्यात आली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. उंदरावरच्या पिसवांमार्फत तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे मुंबई गटारे धूत होती तेव्हा रोगाची वाट दुसरीकडूनच जात होती. नळ आणि उतार यांचे गणित पक्के असूनही जीवशास्त्र ठाऊक नसेल तर अभियंता चुकीच्या जागी घाम गाळतो, हा धडा तेव्हाच मिळाला. आजच्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मजीवशास्त्र का शिकावे लागते, याचे उत्तर त्या धड्यात आहे.

शहराचा कचरा मात्र दूर नेण्याचाच उपाय चालू राहिला. कुर्ल्याहून चेंबूरकडे गेलेले रूळ विसाव्या शतकाच्या आरंभी कचऱ्याच्या गाड्यांसाठी वापरले जात. उतारूंसाठी तो मार्ग १९२४ मध्ये खुला झाला. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी असलेला ‘कचरापट्टी’ हा शब्द त्याच काळाची खूण आहे. देवनारची निवड झाली ती खाडीकाठची दलदल भरून निघेल आणि शहराला वास येणार नाही या हिशेबाने. १९२६ मध्ये मुंबईत स्थानिक स्वराज्यासाठीची संस्था स्थापन झाली. तिच्या स्वच्छता निरीक्षक पदविकेने पुढे नगरपालिकांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली. कचऱ्याचे शिक्षण पदविकेच्या पायरीवर थांबले. पाण्याचे पदवीपर्यंत चढले.

कलकत्त्यात १९३२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेने सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पाया घातला. महाराष्ट्राकडे हा धागा आला तो १९५८ मध्ये, नागपूरला केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था निघाली तेव्हा. या शाखेचा दरवाजा मुख्यतः स्थापत्य अभियंत्यासाठी उघडत असे. १९७४ मध्ये नागपूरच्या संस्थेचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, झाले. हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार नव्हता. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले होते. केंद्राचा जलकायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. कारखान्याचे सांडपाणी आणि धुराडे तपासायला रसायनशास्त्र जाणणारा माणूस हवा होता, तो एकट्या स्थापत्य शाखेतून येणे शक्य नव्हते.

पवईच्या आयआयटीत १९८५ मध्ये पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचे केंद्र सुरू झाले. नावातच विज्ञान आणि अभियांत्रिकी शेजारी बसले, आणि कालांतराने स्थापत्याबरोबर रसायन अभियांत्रिकीच्या पदवीधरांना, तसेच विज्ञानातल्या एम.एस्सी. धारकांनाही एम.टेक.ची वाट मोकळी झाली. ही मोठी सुधारणा होती. पण जुन्या नावातले ‘सार्वजनिक’ आणि ‘आरोग्य’ हे दोन शब्द मात्र वाटेत गळून पडले.

आज प्रवेशाची मुख्य अट ‘गेट’ परीक्षेची. २०२१ पर्यंत पर्यावरण अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच नव्हती. स्थापत्याच्या प्रश्नपत्रिकेतला तो एक विभाग असे. त्या वर्षी पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची वेगळी प्रश्नपत्रिका आली आणि परीक्षेच्या आयोजनाची जबाबदारी होती मुंबईच्याच आयआयटीकडे. तीन तास, शंभर गुण. त्यांतले पंधरा सामान्य क्षमतेचे. अभ्यासक्रमाचे नऊ विभाग: गणित व संख्याशास्त्रापासून रसायन, सूक्ष्मजीव, जलविज्ञान, पाणी-सांडपाणी, हवा व ध्वनी ते पर्यावरण व्यवस्थापनापर्यंत. घन आणि घातक कचरा हा त्यांतला एक. उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षे, त्यांतले बरेचसे दुसरे वर्ष प्रबंधाला.

कचऱ्याला पदवीच्या पायरीवर यायला इतका वेळ का लागला? एक कारण कायद्याचे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम आले, आणि कचराभूमीला तळाशी अस्तर हवे, झिरपणारे पाणी गोळा करायला हवे, वायू मोजायला हवा अशी मानके पहिल्यांदा बंधनकारक झाली. मानक असल्याशिवाय ते पाळणाऱ्या तज्ज्ञाला मागणी नसते. देवनारचा ढीग या नियमांच्या किती तरी आधी, अस्तराशिवाय, दलदलीवर रचला गेला होता.

जानेवारी २०१६ मध्ये त्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आतल्या कुजण्यातून मिथेन का तयार होतो आणि वरची आग विझवूनही आतली का धुमसत राहते, हे पदवीच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असे, की देवनार ज्या एम पूर्व विभागात येते त्याचा मानवी विकास निर्देशांक २००९ च्या अहवालात ०.०५ इतका, मुंबईत सर्वांत कमी, निघाला होता. कोणत्या गाडीत काय येते आणि कोणत्या प्लॅस्टिकला काय भाव मिळतो, हे ढिगावर वेचणाऱ्या बाईला ठाऊक असते. तेही पुस्तकात नाही. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमात कचरावेचक स्त्रियांना प्रशिक्षण दिले. शेजारच्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ बायोगॅस संयंत्र त्या चालवू लागल्या. संयंत्राचे शास्त्र आणि ते रोज चालवण्याची अक्कल यांची गाठ तिथे पडली.

यावर आक्षेप येईल: दोन वर्षांत काय काय कोंबायचे? अभियंत्याला आधी हिशेब आला पाहिजे. खरे आहे. कच्च्या गणितावर बांधलेली कचराभूमी गळतेच. पण नऊ विभागांपैकी सूक्ष्मजीवशास्त्रही कधीकाळी बाहेरचेच होते. प्लेगासारख्या संकटांनी ते आत आणले. समाजशास्त्राची टाटा संस्था १९५४ पासून देवनारलाच आहे आणि पवईहून ती काही दूर नाही. एका सत्राचे क्षेत्रकार्य ही पदवीची अट करणे अशक्य नाही.

हा प्रश्न विद्यापीठांपुरता उरलेला नाही. देवनारचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसून जमीन मोकळी करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे आणि तिच्यातला काही भाग धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचे शासनाने ठरवले आहे. ही जमीन राहण्याजोगी झाली, असा दाखला उद्या कोणी तरी सही करून देईल. त्या सहीखाली बहुधा हीच पदवी असेल. ती मिळवताना काय शिकणे सक्तीचे होते, हे विचारण्याचा पहिला हक्क त्या घरांत राहायला जाणाऱ्यांचा आहे.