तुटला, की वाढवायचाय?

भाच्याची महिंद्रा थार आमच्या गल्लीत शिरत नाही. महात्मा फुले पुतळ्याच्या आसपास, भाजीमंडईची गर्दी चुकवून, मिळेल तिथे तो ती लावतो आणि पिशवी घेऊन चालत येतो. शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण औरंगपुऱ्यातली जागेची मारामारी होती तशीच आहे. मागच्या श्रावणात तो आला तो मोबाइल पुढे धरूनच.

"मामा, गाडी दोन इंच लिफ्ट करायचीय. चारी स्प्रिंगा नव्या, शॉकअप नवे. वर लाखभर जातील. तुम्ही तर जन्मभर पाटेच विकले. काय म्हणता?"

मी तीस वर्षं मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला उभा होतो. गिऱ्हाईक पाटा मागायला आलं की माझा एकच प्रश्न असायचा : तुटला, की वाढवायचाय? तुटला असेल तर पाटा लगेच काढून द्यायचो. वाढवायचा असेल तर आधी चहा सांगायचो, कारण पुढचं बोलणं लांबणार हे ठरलेलं. भाच्यालाही चहाच सांगितला.

नव्या पोरांना पाटा ठाऊक नसतो म्हणून सांगतो. जीपच्या अॅक्सलवर लांब, किंचित बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात. वरची सगळ्यात लांब, तिच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे. खाली एकेक पट्टी आखूड होत जाते. मधोमध आरपार सेंटर बोल्ट, अॅक्सलशी आवळायला यू-बोल्ट, आणि एका टोकाला शॅकल, म्हणजे दबल्यावर लांबणाऱ्या पाट्याला हलायला जागा. चाक खड्ड्यातून गेलं की पट्ट्या वाकतात आणि एकमेकींवर घासतात. त्या घासण्यातच बराच हिसका जिरतो. पट्ट्यांत गंज धरला की हे घसरणं थांबतं आणि सगळी जुडी एकच जाड पट्टी झाल्यासारखी वागते. म्हणून जुने ड्रायव्हर जॅक लावून पाट्यांच्या फटीत ग्रीस भरत. हल्ली हे काम करायला कुणी बसत नाही.

जीप यायच्या आधीही शहरात कमानी, म्हणजे अशाच पट्ट्या, होत्या, टांग्यांच्या. बैलगाडीला कमान नसे. लाकडी चाकाला लोखंडी धाव, आणि दगड लागला की तो थेट माणसाच्या मणक्यात. टांग्याला मात्र कमानी हव्याच, कारण तिथे माल म्हणजे पैसे देऊन बसलेला माणूस. कमान बसली की टांगेवाला ती लोहाराकडे न्यायचा. लोहार ती तापवून, ठोकून पुन्हा बाक द्यायचा. माझ्या लहानपणी हे काम करणारा लोहार पुढे जीपचे पाटे ठोकू लागला तेव्हा त्याला नवं काही शिकावं लागलं नाही. हातोडा तोच, ऐरण तीच, फक्त पट्टी जाड झाली.

जीप आली लष्करामागून. वडील सांगत, त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली सप्टेंबर १९४८ मध्ये, भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या तेव्हा. त्याआधी महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेच्या उरलेल्या जीपा लिलावात निघाल्या होत्या. त्यांना सगळे 'डिस्पोजलची जीप' म्हणत. पुढे कित्येक वर्षं कुठलीही जुनाट पण न थकणारी गाडी दिसली की आमच्याकडे 'डिस्पोजलचा माल आहे' असं कौतुकानं म्हणायचे. १९४५ साली सुरू झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू झाली. नाव बदलताना आद्याक्षरं बदलावी लागली नाहीत, ही गोष्ट वडील फार रंगवून सांगत. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम ८० इंच, म्हणजे आमच्या घरातल्या पलंगाएवढं. चारी चाकांवर पाटे, चारी चाकांना ताकद. रणांगणासाठी घाईत आखलेल्या या गाडीला मराठवाड्याची काळी माती परकी वाटली नाही.

वडील पाटबंधारे खात्यात जीप चालवत. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं २४ फेब्रुवारी १९७६ रोजी. त्या दहा-साडेदहा वर्षांत पैठणच्या आसपासच्या शिवारात असा बांध नसेल ज्यावरून वडिलांची उंच बॉनेटची जीप गेली नाही. सुमारे दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण उभं राहायचं म्हणजे आधी त्या मातीतून माणसं, साखळ्या, मोजणीची यंत्रं आणि साहेब फिरले पाहिजेत. पावसाळ्यात ही माती काय करते ते तिच्यात फसलेल्यालाच कळतं. ती चाकाला चिकटते, चाकाच्या कमानीत भरते, बघता बघता चाक आणि मडगार्ड एकजीव होतात. तिथे गाडीची उंची कामाला येत नाही. उंच गाडी फक्त जास्त खोल रुतते.

वडिलांकडे उपाय तीन. टायरला दोरखंड गुंडाळायचा, ऐनवेळी बाभळीच्या फांद्या चाकाखाली टाकायच्या, आणि सगळ्यांत आधी टायरची हवा कमी करायची. हवा कमी झाली की टायर पसरतं, मातीवर जास्त बूड टेकतं. पक्क्या रस्त्याला लागलं की हातपंपाने पुन्हा भरायची. हातपंपाचा मान माझ्याकडे. सुट्टीत बरोबर गेलो की चार चाकांची हवा भरता भरता माझे दंड भरून यायचे आणि साहेब बाजूला उभं राहून सिगारेट ओढायचे.

एकदा कुणी तरी सुचवलं, मागे गाडी बसते, एक पाटा वाढवून घ्या. वडील म्हणाले, "सामान उतरवा, आपोआप उठेल." आणि सामान उतरवून, वेगळं बांधून, दोन खेपा केल्या.

मग पाटा वाढवायचा धंदा कुणी उभा केला? काळ्या-पिवळ्यांनी. एस.टी. जिथे दिवसातून दोनदा यायची, तिथे दर अर्ध्या तासाला जीप भरून निघू लागली. पश्चिम महाराष्ट्रात त्याला वडाप म्हणतात, आमच्याकडे नुसतं काळी-पिवळी. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची पंधरा-वीस वर्षं माझं काउंटर त्यांच्यावरच चाललं. परवाना नऊ-दहा माणसांचा. बसायची मात्र वीस, वर टपावर दोघं, मागच्या पायरीवर लोंबकळणारे निराळे, आणि बाजाराचा दिवस असेल तर बोकड. कारखान्याने गाडीला पाटे दिले ते कागदावरच्या वजनासाठी. गाडी चालायची ती कागदाबाहेर. म्हणून नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी देवळात आणि तिथून थेट पाटेवाल्याकडे. मागे दोन पाटे जादा, पुढे एक. फुलंब्रीचे, सिल्लोडचे, गंगापूरचे ड्रायव्हर काउंटरला कोपर टेकून सांगत, "मामू, असा द्या की पंचवीस बसले तरी बंपर रस्त्याला लागू नये."

म्हणजे आपल्याकडे गाडी उचलायची चाल शौकातून आली नाही, ओझ्यातून आली. तिला मी नावं ठेवणार नाही. त्या जादा पाट्यांवर बसून कितीक पोरी सरस्वती भुवनला शिकायला आल्या आणि कितीक बाळंतिणी घाटी दवाखान्यात वेळेवर पोचल्या.

पण पाट्याला भरलेली गाडी आणि रिकामी गाडी एक वाटत नाही. पाटे वाढले की ताठपणा वाढतो. वीस माणसं बसली तर तो पचतो. रिकाम्या गाडीला तोच पाटा म्हणजे बसायचा लाकडी पाट. चाक खड्ड्यात उतरायचं सोडून खड्ड्यावरून उडी मारतं. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येतं. माझ्या मेव्हण्याची काळी-पिवळी अशीच. १९९६ च्या उन्हाळ्यात संध्याकाळी फुलंब्रीकडे रिकामी परत निघाली. आत तो, मी आणि दुधाच्या सहा रिकाम्या किटल्या. खडबडीत पट्ट्यावर गाडीचा मागचा भाग टुणटुण नाचायला लागला, आणि एका साध्या वळणावर तो आमच्या आधीच वळला. आम्ही शेतात. कुणाला खरचटलं नाही. किटल्या मात्र पार बांधापर्यंत गेल्या. त्या गाडीला दोन्ही जादा पाटे मीच विकलेले. मेव्हणा मला काही बोलला नाही, बहीण वर्षभर बोलत होती.

दुसरी गंमत उंचीची. काही जण पाटा न वाढवता शॅकलच लांब करून घेत. स्वस्तात काम, गाडी दोन बोटं उंच. पण पुढचं टोक उचललं की चाकाच्या खिळ्याचा कलता कोन बदलतो, आणि स्टिअरिंग सोडलं की सरळ व्हायचं विसरतं. मागे प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो, त्याच्या जोडातले क्रॉस लवकर झिजतात. गाडी उंच करून नेलेला माणूस तीन-चार महिन्यांत क्रॉस मागायला यायचा. मला धंदा दोनदा.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, माझ्या गाडीला पाटेच नाहीत."

खरं होतं. २०१० साली पहिली थार आली तेव्हा तिला पुढे टॉर्शन बार होते आणि मागे आपले पाटे. मी दुकानात तिचे पाटे विकलेत. २०२० मध्ये नाशिकच्या कारखान्यातून नवी आली ती चारी बाजूंना कॉइल स्प्रिंगा घेऊन. पुढची चाकं स्वतंत्र, मागे अखंड अॅक्सल. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते. वर, जे चाक हवेत रिकामं फिरेल त्याला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाला देणारी सोय. माझ्या वडिलांनी दोरखंड आणि बाभळीवर जे भागवलं, ते हिच्या पोटात कारखान्यातूनच बसवून येतं.

मी विचारलं, "नेतोस काय त्यात?"

"मी, दोन मित्र. थर्मास."

"जातोस कुठे?"

म्हैसमाळ, कन्नडचा घाट, गौताळ्याकडे. गौताळा तर अभयारण्य, १९८६ पासून. ठरलेला रस्ता सोडून तिथे गाडी घालायची नसतेच. राहिला तो रस्त्यावरचा खड्डा. त्याला २२६ मिलिमीटर पुरत नसतील तर दोष गाडीचा नाही.

मला खरंच पटणारी कारणं दोन. गाडीला पुढे जड विंच आणि लोखंडी बंपर बसवला, वर तंबू आणि पाण्याची टाकी चढवली, आणि हे सगळं कायम राहणार असेल, तर स्प्रिंग बदलावी, त्या वजनाला तोलून. काळी-पिवळीवाल्यांनी तेच केलं. किंवा मूळचे शॉकअप दमले असतील, तर नवे चांगले घालावेत. नुसती उंच दिसावी म्हणून उचलायची तर कायदाही आडवा येतो. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरलं. काळ्या-पिवळ्यांच्या जमान्यात एवढं कडक असतं तर मला दुसरी नोकरी बघावी लागली असती, हेही भाच्याला सांगून टाकलं.

चहा संपला तेव्हा बायकोने नारळ फोडायला कोयता बाहेर आणला. भाच्याने तो हातात तोलला. "केवढा जड! कशाचा आहे?"

जायकवाडीच्या जीपचा. तुटलेला पाटा भंगारात निघाला, वडिलांनी वजनावर विकत घेतला आणि गल्लीत आलेल्या घिसाड्याकडून घडवून घेतला. खेड्यापाड्यातले बरेच कोयते, विळे, खुरपी अशाच पाट्यांची आहेत. हजारदा वाकून सरळ झालेलं पोलाद धार धरतं, आणि तुटलेला पाटा फुकट जात नाही. या कोयत्याला मुठीजवळ अजून सेंटर बोल्टचं अर्धं भोक दिसतं.

पुढच्या रविवारी तो मला म्हैसमाळला घेऊन गेला. दौलताबादच्या दरवाज्यात नेहमीसारखी कोंडी, मग खुलताबाद, मग चढ. वर एका बाजूला गाड्या लावून लावून मैदानाचा चिखल झाला होता. त्याची थार त्यात शिरली आणि चारी चाकं गरागरा फिरू लागली. कारखान्याची ती ब्रेकवाली सोय करकरत राहिली, गाडी जागची हलेना. पोराने लिफ्ट किटचं नाव काढलं.

मी खाली उतरलो, किल्ली घेतली आणि चारी टायरांच्या व्हॉल्व्हची पिन दाबत फिरलो. फुस्स आवाज होत राहिला, मी मनात आकडे मोजत होतो. मग त्याला म्हटलं, दुसरा गिअर, हळू. टायरांनी बूड टेकलं आणि गाडी म्हातारीसारखी डुलत बाहेर आली. बाजूच्या कणसंवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"मामा, भारी!" तो म्हणाला.

"आता हवा भर. पंप काढ."

त्याने माझ्याकडे बघितलं. गाडीत विंचचं कॅटलॉग होतं, थर्मास होता, दोन जॅकेटं होती. पंप नव्हता. खुलताबादपर्यंत सगळा उतार आम्ही वीसच्या वेगाने उतरलो. मागे गाड्यांची रांग, आणि एक स्कूटीवाली आजी आम्हाला ओव्हरटेक करताना वळून वळून बघत होती.