जमीन सरकते, आग तिथेच राहते

ज्वालामुखी कुठे होतात, याचं शाळेतलं उत्तर ठरलेलं आहे. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या भूपट्टांचं बनलेलं आहे. ते जिथे एकमेकांना भिडतात किंवा दूर जातात, तिथे ज्वालामुखी. जपान, इंडोनेशिया, चिली ही उदाहरणं. मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं आणि ते खरंच आहे. पण एखादं चुणचुणीत पोर नकाशावर बोट ठेवून विचारायचं, "बाई, मग हवाई बेटांचं काय?" ही बेटं पॅसिफिक भूपट्टाच्या पार मधोमध, जवळच्या कडेपासून तीन हजार किलोमीटरहून लांब. तिथे ज्वालामुखी कसा? या प्रश्नाचा इतिहास मोठा मजेदार आहे.

तिथल्या मूळ रहिवाशांकडे एक कथा आहे. पेले ही अग्निदेवता. समुद्रदेवता असलेल्या बहिणीशी तिचं भांडण झालं. मग वायव्येकडच्या कौआई बेटापासून एकेक बेट सोडत ती आग्नेयेकडे आली आणि शेवटी किलाउएआ ज्वालामुखीत तिने घर केलं. १८४० साली जेम्स ड्वाइट डेना हा अमेरिकन भूवैज्ञानिक तिथे गेला. त्याला दिसलं, की वायव्येची बेटं जास्त झिजलेली, म्हणजे जुनी आणि आग्नेयेची नवी. कथेतला क्रम आणि खडकातला क्रम एकच! पण असं का, ते कळायला सव्वाशे वर्षं लागली.

१९६३ साली कॅनडाचे जॉन टुझो विल्सन म्हणाले, आग पुढे सरकत नाही. ती जवळजवळ जागच्या जागी आहे, वरचा भूपट्ट सरकतोय. शिवणयंत्राची सुई एकाच जागी खालीवर होते, कापड सरकतं आणि टाक्यांची रांग उमटते, तसंच हे. त्यांचा लेख आधी एका नामांकित नियतकालिकाने नाकारला, मग कॅनडातल्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात तो छापून आला. गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत खुद्द विल्सन यांनाच खंड सरकतात हे मान्य नव्हतं. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी मत बदललं. मला याचंच जास्त अप्रूप वाटतं.

१९७१ साली जेसन मॉर्गन यांनी पुढचं सांगितलं. पृथ्वीच्या पोटात खूप खोलवरून तापलेला खडक अगदी सावकाश वर येतो. तो घट्टच असतो, पण वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. तोच शिलारस. हा खडक नेमका किती खोलवरून निघतो, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत.

आता आपल्या घरची गोष्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज जिथे रियुनियन बेट आहे साधारण त्या जागेवर. तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर साचले. आपला सह्याद्री, कळसूबाई, लेण्यांचा काळा कातळ, सगळं त्यातलंच. मग भारत उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे टाके उमटत गेले: मालदीव, चागोस, मॉरिशस. १९८७ साली समुद्रतळात भोकं पाडून खडक काढले, तेव्हा मालदीवजवळचा सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा त्याहून लहान. मॉरिशस तर ८०-९० लाख वर्षांचंच. रियुनियनचा ज्वालामुखी अजूनही धगधगतो.

एकोणिसाव्या शतकात कोकणातली पुष्कळ माणसं उसाच्या मळ्यात राबायला मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, त्या दिवशी देशाला सुट्टी असते. आपण फार परक्या मुलखात आलो, असं त्या पहिल्या माणसांना बोटीतून उतरताना वाटलं असेल. पण ज्या चुलीवर त्यांच्या गावचा कातळ शिजला होता, त्याच चुलीवरून ते बेटही उतरलं होतं.