‘बॅबिलॉन ५’चा नवा अवतार : संहिता सिद्ध, मालिका अधांतरी

भिलाई (छत्तीसगड), संदर्भ लेख : भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानीच्या माध्यमातून महाभारताची कथा देशोदेशी पोहोचवली. ती कथा आपल्या पद्धतीने नव्याने सांगण्यासाठी त्यांना कोणाच्याही परवानगीची आवश्यकता भासली नाही. दूरचित्रवाणीसाठी लेखन करणाऱ्याला ही मोकळीक नसते. स्वतः निर्माण केलेली कथा पुन्हा मांडायची असली, तरी हक्कांचा मालक आणि प्रसारण वाहिनी या दोघांची संमती मिळाल्याखेरीज त्याला पाऊल पुढे टाकता येत नाही. अमेरिकी लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांच्या ‘बॅबिलॉन ५’ या विज्ञानमालिकेचा गेल्या काही वर्षांतील प्रवास हे याचे ठळक उदाहरण आहे. भिलाईत जन्मलेले अनुराग बसू यांच्यासारखे दिग्दर्शक मालिकांच्याच वाटेने चित्रपटसृष्टीत गेले. त्या वाटेवर निघू पाहणाऱ्या नव्या लेखकांनी हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे.

जुन्या मालिकेचे कथानक पुढे नेणे म्हणजे उत्तरभाग. रिबूटमध्ये मात्र पूर्वीचे सारे बाजूला ठेवून तीच पात्रे आणि तेच विश्व प्रारंभापासून पुन्हा मांडले जाते. २००३ मध्ये रोनाल्ड मूर यांनी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या १९७८ च्या मालिकेला असे नवे रूप दिले आणि ते मूळ मालिकेहून अधिक गाजले. त्यानंतर जुन्या विज्ञानमालिकांच्या हक्कांकडे स्टुडिओंचे लक्ष नव्याने वेधले गेले.

‘बॅबिलॉन ५’चा पथदर्शी चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसारित झाला आणि जानेवारी १९९४ मध्ये नियमित मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकातील सुमारे आठ किलोमीटर लांबीचे अंतराळस्थानक, तेथे राहणारी अडीच लाख माणसे व परग्रहवासी आणि त्यांच्यातील राजकारण व युद्ध, असा तिचा विषय होता. पाच वर्षांची कथा आरंभीच आखून घेऊन ती एखाद्या कादंबरीप्रमाणे भागाभागांतून उलगडत नेण्याची कल्पना त्या काळी अमेरिकी दूरचित्रवाणीला नवखी होती. एकूण ११० भागांपैकी ९२ भाग स्ट्राझिन्स्की यांनी स्वतः लिहिले. मालिकेतील दोन भागांना १९९६ आणि १९९७ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. अंतराळयानांची दृश्ये प्रतिकृतींऐवजी संगणकावर तयार केल्यामुळे खर्चही आटोक्यात राहिला.

इतकी आखणी करूनही वाहिनीचा फटका या मालिकेला पहिल्याच आयुष्यात बसला होता. चौथ्या वर्षी तिचे प्रसारणजाळे मोडकळीस आले. पाचवे वर्ष मिळेल याची शाश्वती नसल्याने लेखकाने कथानकातील मोठी युद्धे घाईने चौथ्या वर्षातच उरकली आणि अखेरचा भागही चित्रित करून ठेवला. पुढे टीएनटी या वाहिनीने पाचवे वर्ष दिले, त्यामुळे तो तयार भाग राखून ठेवून नोव्हेंबर १९९८ मध्ये दाखवण्यात आला. चौथे वर्ष धावते आणि पाचव्याचा पूर्वार्ध रेंगाळतो, ही प्रेक्षकांची जुनी तक्रार आहे. तिचे मूळ लेखणीपेक्षा वाहिनीच्या अस्थैर्यात अधिक आहे.

त्यानंतरचे प्रयत्नही तुकड्यातुकड्यांनी झाले. १९९९ मधील ‘क्रूसेड’ ही पुढील मालिका १३ भागांतच थांबली. २००२ मधील चित्रपटातून अपेक्षित मालिका उभी राहिली नाही आणि २००७ मध्ये थेट डीव्हीडीवर आलेल्या कथासंग्रहाचा पुढचा भाग निघाला नाही. मालिकेचे दूरचित्रवाणी हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत, तर चित्रपटाचे हक्क आपल्याकडे असल्याचे स्ट्राझिन्स्की यांनी वेळोवेळी सांगितले आहे. एकाच कथेचे हक्क असे दोन दारी विभागलेले असल्यामुळे कोणत्याही एका पक्षाला पूर्ण मोकळीक नव्हती.

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील ‘द सीडब्ल्यू’ वाहिनीसाठी वॉर्नर ब्रदर्स ही मालिका नव्याने विकसित करत असून तिचे लेखन स्ट्राझिन्स्की करीत असल्याचे जाहीर झाले. ही मांडणी पायापासून नवी असेल, हे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. मूळ मालिकेत दुसऱ्या वर्षी आलेला जॉन शेरिडन हा अधिकारी येथे आरंभापासून केंद्रस्थानी राहणार होता. पहिल्या वर्षी मूळ स्थानकप्रमुखाची भूमिका करणारे मायकल ओ’हेअर यांनी गंभीर मानसिक आजारामुळे मालिका सोडली होती. ही बाब स्ट्राझिन्स्की यांनी ओ’हेअर यांच्या इच्छेनुसार त्यांच्या हयातीत उघड केली नाही. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरच ती सांगितली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पथदर्शी भागांची निवड झाली, तेव्हा त्यात ‘बॅबिलॉन ५’ नव्हती. तथापि, संहिता फेटाळली गेली नसून पुढील वर्षाच्या विचारार्थ राखून ठेवली आहे, असे वाहिनीचे प्रमुख मार्क पेडोविट्झ यांनी आपल्याला कळवल्याचे स्ट्राझिन्स्की यांनी चाहत्यांना सांगितले. त्यामागे वाहिनीच्या विक्रीची हालचाल होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेक्स्टार या कंपनीने ‘द सीडब्ल्यू’चा ७५ टक्के हिस्सा घेतला, पेडोविट्झ पायउतार झाले आणि नव्या मालकांनी खर्चिक कथामालिकांऐवजी स्वस्त कार्यक्रमांचे धोरण स्वीकारले. संहितेचा पाठीराखाच राहिला नाही. ती वाईट आहे, असे कोणीही म्हटले नव्हते.

स्ट्राझिन्स्की यांच्यासाठी हा अनुभव नवा नव्हता. २००४ मध्ये त्यांनी ब्राइस झेबेल यांच्यासह ‘स्टार ट्रेक’ नव्याने सुरू करण्याचा १४ पानी आराखडा लिहिला होता. कर्क, स्पॉक आणि मॅकॉय या मूळ त्रयीकडे परतून कथा आरंभापासून सांगावी, असा त्याचा गाभा होता. हक्कधारक कंपनीकडे त्याची डाळ शिजली नाही आणि २००६ मध्ये तो लोकांसमोर ठेवण्यात आला. पाच वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच त्रयीला तरुण रूपात घेऊन चित्रपट आला. तो दुसऱ्या लेखक-दिग्दर्शकांचा होता.

मुंबईतही चित्र फारसे वेगळे नाही. १९९८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या केतन मेहता यांच्या ‘कॅप्टन व्योम’ या अंतराळमालिकेने मिलिंद सोमण यांना घराघरांत पोहोचवले. तिच्यावर नवा चित्रपट व मालिका काढण्याची घोषणा होऊन गेली. ‘शक्तिमान’वर चित्रपटत्रयी काढण्याचे सोनी पिक्चर्सने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केले, त्यानंतर मुख्य भूमिका कोणी करावी, यावरून मूळ मालिकेचे नायक व निर्माते मुकेश खन्ना यांनी जाहीर आक्षेप घेतला. घोषणेला प्रसिद्धी मिळते. पुढच्या वर्षांतले लेखकाचे काम मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

भारतीय कायद्याची या बाबतीतील भूमिका स्पष्ट आहे. निव्वळ कल्पनेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. आर. जी. आनंद यांनी आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ चित्रपट उचलल्याचा दावा केला होता. विषय एक असला तरी मांडणी भिन्न आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो नाकारला. तेव्हापासून याबाबतीत त्याच निकालाचा आधार घेतला जातो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापरासाठी लेखकाला मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा वाटा करारानेही सोडून देता येत नाही. मालिकेच्या लेखकालाही हे संरक्षण लागू आहे. मात्र जी मालिका निर्माणच झाली नाही, तिचे स्वामित्वधन उद्भवत नाही. लेखकाच्या हाती उरते ते करारात ठरलेले लेखनाचे मानधन आणि, तसे कलम घालून घेतले असल्यास, ठरावीक मुदतीनंतर हक्क परत मिळण्याची तरतूद. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंदणी करता येते. ही नोंद लेखनाच्या तारखेचा पुरावा ठरते. दुसऱ्याच्या मालकीच्या मालिकेवर बेतलेल्या संहितेला मात्र त्यामुळे निर्मितीचा अधिकार मिळत नाही.