पावसामागची वाट

'सफारी' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रुळला. एक सफारी तालुक्याच्या कचेरीत साहेबांच्या अंगावर असे. दुसरी आफ्रिकेत जाऊन करावयाची असते. मूळ शब्द अरबी 'सफर'. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत गेला. तेथे त्याचा अर्थ साधा प्रवास, कोणाचाही, कशासाठीही. पुढे गंमत अशी झाली की प्रवास जनावरे करू लागली आणि जीपमध्ये बसून ती पाहणाऱ्याला सफारीवर गेलेला म्हणू लागले.

पाहण्यासारखे तेथे आहे, यात शंका नाही. टांझानियातील सेरेंगेटीच्या माळांवरून केनियातील मसाई माराकडे आणि तेथून परत असे वर्षाकाठी सुमारे १३ लाख विल्डबीस्ट फिरतात. बैलाची शिंगे, घोड्याची शेपटी आणि बोकडाची दाढी एकाच देहाला लावावी तसे हे जनावर. बरोबर दोनएक लाख झेब्रे आणि लाखोंनी हरणे असतात. मारा नदी ओलांडताना मगरी त्यांतली काही ओढून नेतात, आणि तो क्षण टिपण्यासाठी काठावर मोटारींची इतकी गर्दी होते की कधी कधी कळपच उतार सोडून मागे फिरतो.

परंतु हे कळप फिरतात का? सेरेंगेटीच्या आग्नेयेकडील माळावर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वायव्येला माराकडे त्याच्या दुप्पट. माळावरचे गवत आखूड, पण ज्वालामुखीच्या राखेची ती जमीन असल्याने चुना आणि स्फुरद भरपूर. पिलांच्या हाडांना आणि आयांच्या दुधाला तेच लागते. म्हणून पावसात कळप तेथे उतरतात, फेब्रुवारीच्या सुमारास तेथेच वितात, आणि माळ करपला की ओल्या मुलखाकडे चालू लागतात. ओल्या ऋतूत कोरड्या मुलखात आणि कोरड्या ऋतूत ओल्या मुलखात राहायचे, एवढाच हिशोब.

आता आपल्या धुळे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. धुळे आणि शिंदखेड्याकडे पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरचा. कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरकडे गेले की तो दुपटीच्या घरात जातो, आणि पुढे गुजरातेत डोंगरउतारापासून समुद्रापर्यंत हिरवळ उन्हाळ्यातही तग धरते. साक्री, शिंदखेडा, धुळे या तालुक्यांतले ठेलारी धनगर पिढ्यानपिढ्या हाच हिशोब चालवीत आले आहेत. दिवाळी झाली की वाडे हलतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेली कोंबडी, झोळीत कालपरवा जन्मलेली कोकरे, पुढे बायका आणि मागे मेंढरे घेऊन पुरुष. कोणी कोंडाईबारीने, कोणी चरणमाळ घाटाने पश्चिमेस उतरतो. आखाजीनंतर तोंडे घराकडे फिरतात. कारण कोकणपट्टीच्या मुसळधार पावसात मेंढीची लोकर सुकत नाही, खुरे सडतात. पावसाळ्यात तिला माणदेशासारखा, आपल्या माळासारखा कोरडा मुलूखच मानवतो.

माझे आयुष्य गिरण्या आणि जिनिंग कारखान्यांच्या फाटकांवर गेले, त्यामुळे भेटेल त्याला मालक कोण आणि मजुरी किती हे विचारण्याची खोड जडली आहे. घाटाच्या पायथ्याशी एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या माउलीला मी विचारले, "माय, तुमचा मालक कोण?" ती चुलीत काटकी सारत म्हणाली, "पानी. दुसरा कोन?" अहिराणीत पानी म्हणजे पाऊस. तिच्या मालकाशी बोलणी करणारी संघटना अजून निघावयाची आहे.

ही वाट केवळ मेंढरांची नव्हती. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात वाघूर लावून मेंढरे रात्रभर बसवायची. लेंडी आणि मूत जमिनीत मुरायचे. बदल्यात शेतकरी दादर ज्वारी द्यायचा, पुढे पैसे देऊ लागला. कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाटीवरचा उरलासुरला पाला मेंढी फस्त करी आणि शेताला खत ठेवून जाई. हा खतांचा कारखाना चार पायांनी चालत दारी येत होता, आणि त्याच्या कामगाराचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते.

ती वाट अरुंद कशी झाली, हा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा पेंढारी, दुष्काळ आणि लढायांनी मुलूख ओस पडला होता. पडीक रान अफाट होते. मग मोजणी आली. १८५२ साली सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांतले शेतकरी मोजणीविरुद्ध उठले, हे आपण विसरू नये. साखळीने जमीन मोजली जाते तेव्हा सारा मागून येतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरला कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे आणि त्यांचे लदणीचे बैल रेल्वेने निकामी केले. पडीक रान कपाशीने गिळले. १८७१ साली एकाच वर्षात दोन कायदे झाले. एकाने भटकी जनावरे कोंडवाड्यात घातली, दुसऱ्याने भटकी माणसे 'गुन्हेगार जमाती' ठरविली. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली आणि काल जी चराई होती ती दुसऱ्या दिवशी चोरी ठरली.

आफ्रिकेतही याच सुमारास तसेच घडत होते, आणि त्या कथेत एक धागा आपल्या बाजूचा आहे. १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेसाठी मसावा बंदरात गुरे उतरविली गेली. ती भारत वा एडनकडून आणली होती असे मानतात. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली. काही वर्षांत पूर्व आफ्रिकेतली बहुतेक गुरे मेली, मसाई उपासमारीने मेले, विल्डबीस्टही मेले. माळ ओस पडले आणि त्यांवर झुडपे माजली. नंतर आलेल्या गोऱ्यांनी ते ओसाडपण पाहिले व त्याला आदिम, निर्मनुष्य निसर्ग असे नाव दिले! १९५१ साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ साली मसाई आपल्या गुरांसह त्यातून बाहेर काढले गेले. त्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांच्या पुस्तकाने आणि चित्रपटाने सेरेंगेटीचे नाव जगभर नेले. विमानातून कळप मोजणारा त्यांचा मुलगा मिखाएल याच कामात अपघाताने गेला. त्याच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. परंतु पिढ्यानपिढ्या तेथे गुरे चारणाऱ्यांना बाहेर ठेवूनच हे रान वाचेल, ही समजूत त्या काळात पक्की झाली. वस्तुतः कळप वाढले ते मुख्यतः पाळीव गुरांना लस टोचून बुळकांडी हटविल्यामुळे. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. म्हणजे गुराख्याची गाय निरोगी झाली तेव्हा रानातले जनावर वाचले. तरीही २०२२ च्या जूनमध्ये लोलियोंडो येथे चराईच्या जमिनीवर हद्दीचे दगड रोवताना मसाई आणि पोलीस यांच्यात रक्त सांडले.

फिरत्या कळपाला अडविले तर काय होते, ते बोट्स्वानाने पाहिले आहे. लाळखुरकताच्या भीतीने तेथे १९५८ साली कुके कुंपण घातले. १९८३ च्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले विल्डबीस्ट कुंपणांपाशी अडले आणि हजारोंनी मेले. सेरेंगेटीतून डांबरी महामार्ग नेण्याची योजना निघाली तेव्हा जगभरातून ओरड झाली आणि २०१४ साली पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. ते योग्यच झाले. आमच्या धुळे-सुरत रस्त्यावर मात्र दोनशे मेंढ्या पार करण्यासाठी एक माणूस हात वर करून ट्रकसमोर उभा राहतो, एवढाच बंदोबस्त आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बागांना तारांची कुंपणे आहेत, रासायनिक खताने लेंडीची गरज संपविली आहे, आणि फवारलेल्या कपाशीत मेंढी सोडणे जोखमीचे झाले आहे.

तरीही वाडे निघतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांची चराई आणि ठराविक ऋतूतला वनवापर हा हक्क म्हणून मान्य केला. पण अनुसूचित जमातीत नसलेल्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावयाचे आहे. ज्याचे जगणेच चालण्यात आहे त्याने राहिल्याचा पुरावा कोठून आणावा? गिरणीच्या कामगाराजवळ निदान पगाराची चिठ्ठी असते.

एक कागद मात्र पुष्कळ वाड्यांवर सापडतो: दंडाची पावती. कोंडवाड्याची असो, वनखात्याची असो, तीत गाव असते, तारीख असते, मेंढ्यांची संख्या असते. आजोबांच्या वेळची पावती म्हणजे, सरकारच्याच हातची, ते या रानात चारत होते याची कबुली. कायद्याच्या नियमांत सरकारी नोंदी, गॅझेटियर आणि वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून चालतात. म्हणून जेथे वाडा दिसेल तेथे मी सांगतो, पावत्या चुलीत घालू नका, डब्यात ठेवा. दुसरे असे की, भटक्यांच्या दाव्यांची पडताळणी ते हजर असतील अशाच वेळी करावी, असे २००८ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. साक्रीकडचे ठेलारी घरी असतात ते आषाढ-श्रावणात. ग्रामसभांनी तारीख तेव्हाची धरावी, माघातली नव्हे.